ऐंशी सामन्यांचा मुक्काम

सुनिल्दा पेगेरोच्या पार्लरमध्ये शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसे. सान पेद्रो या बेटावरच्या गावातल्या बायका एक वेळ जेवण चुकवतील, पण आठवड्याचं केस धुणं चुकवणार नाहीत. आधी धुवायचे, मग रोलर गुंडाळायचे, मग उपड्या हंड्यासारख्या ड्रायरखाली डोकं घालून तासभर बसायचं, आणि शेवटी ब्रशने ओढून ओढून सरळ करून घ्यायचे. रविवारी चर्चमध्ये एखादीचे केस कुरळे दिसले तर देवाचं काही म्हणणं नसतं, मागच्या बाकावरच्या बायकांचं असतं. या एका भीतीवर सुनिल्दाने आपलं पोट भरलं, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि न्यू यॉर्कला जाऊन पैसे पाठवतो म्हणणाऱ्या नवऱ्याला हसत हसत निरोप दिला. पैसे आले नाहीत, नवराही आला नाही. दुसऱ्या गोष्टीचं तिला बरंच वाटलं.

ती जन्मली उसाच्या मळ्यातल्या मजूरवस्तीत. आई ऊसतोड्यांचे कपडे धुवायची. "आई कपडे धुवायची, मी डोकी धुते. डोकी जास्त मळलेली असतात," असं ती म्हणे. बांधा ठेंगणा, आवाज घोगरा, पण बोटं अशी की डोकं तिच्या हातात दिलं की बायकांचे डोळे आपोआप मिटत. कानावर पडलेलं तिच्या तोंडातून बाहेर पडत नसे. हा तिचा मोठेपणा वगैरे नव्हता. चहाड्या करणाऱ्या बाईकडे कोणी डोकं सोपवत नाही, एवढंच.

तरी गुपितं फुटायचीच, आणि ती ड्रायरमुळे. त्याच्या घरघरीत बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ती घसा ताणून बोलते आणि तिला वाटतं आपण कुजबुजतोय. फ्रेदेस नावाच्या जाडजूड गिऱ्हाइकाने एकदा फोनवर बहिणीला सांगितलं की माझी सून स्वयंपाकात ठार अडाणी आहे. सून समोरच डोकं धुऊन घेत बसली होती. अख्खं पार्लर ऐकत होतं, फक्त फ्रेदेसला पत्ता नव्हता. ड्रायरखालून डोकं काढलं की मात्र बाईचा आवाज लगेच खाली येतो. हे इतकं नेहमीचं होतं की त्याकडे कोणी लक्ष देत नसे.

योकास्ताच्या बाबतीत सुनिल्दाचं लक्ष गेलं ते यामुळेच.

योकास्ता म्हणजे शेजारणीची मुलगी, सुनिल्दाच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिच्या पंधराव्या वाढदिवसाचे केस सुनिल्दाने केले, लग्नाचेही तिनेच. लग्न झालं राधामेस फेब्लेसशी. राधामेस बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, समुद्रापलीकडे न्यू यॉर्कच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये खेळणारा. त्याच्या उजव्या हाताला वर्तमानपत्रं सोन्याचा हात म्हणत. त्याने गावाबाहेरच्या फाटकवाल्या वसाहतीत संगमरवरी फरशीचं घर बांधलं, सासूच्या घरावर मजला चढवायला घेतला, आणि मुलगी झाली तेव्हा तिची धर्ममाता म्हणून सुनिल्दाला बोलावलं. मुलीचं नाव लिसबेल. त्या दिवसापासून सुनिल्दा त्या नवराबायकोची कोमाद्रे झाली आणि राधामेस तिचा कोमपाद्रे.

हे नातं साधं नव्हे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जोडलेली माणसं एकमेकांशी भांडत नाहीत. भांडली तर त्याचं पाप लेकरावर येतं, असं जुनी माणसं सांगतात, आणि नवी माणसं हसत हसत मानतात. ज्या राधामेसला सुनिल्दाने शेंबडं पोर असताना पेरू चोरताना पकडून कान पिरगाळला होता, त्यालाच ती बाप्तिस्म्याच्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागली, आणि तोही मान खाली घालून 'हो कोमाद्रे' म्हणू लागला. योकास्ताला तेवढं 'तुम्ही' म्हणायला तिची जीभ वळेना.

नोव्हेंबरात राधामेस हंगाम संपवून घरी आला होता. एका बुधवारी योकास्ता डोक्याला रुमाल बांधून पार्लरमध्ये आली. बुधवारी कधी न येणारी बाई बुधवारी आली, तिथेच सुनिल्दाच्या मनात पाल चुकचुकली. केस धुताना तिची बोटं डाव्या कानामागे गेली आणि योकास्ताने मान आखडली.

"काय गं?"

"बाथरूममध्ये पाय घसरला, कोमाद्रे. संगमरवर आहे ना."

सुनिल्दाने रोलर गुंडाळले, तिला ड्रायरखाली बसवलं. योकास्ता फोनवर आईशी ओरडून बोलली, जशा सगळ्या बोलतात. मग सुनिल्दाने ड्रायर बंद केला, डोकं बाहेर काढलं, आणि योकास्ता ओरडतच राहिली. "आई, मजल्याचं काम थांबवू नकोस!" बाकीच्या बायका हसल्या. सुनिल्दा हसली नाही. ती डाव्या बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "योकास्ता, कॉफी घेतेस?" उत्तर नाही. मान वळली नाही. ती उजव्या बाजूला गेली आणि तेच विचारलं.

"साखर थोडी जास्त घाला," योकास्ता म्हणाली.

सुनिल्दाने साखर जास्त घातली. कप तिच्या हातात देताना तिने उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "किती जोरात मारलं?"

योकास्ताने कपाकडे पाहिलं. "कोमाद्रे, तुम्हाला लिसबेलची शपथ. मी पडले."

पडल्याने कानशिलाला टेंगूळ येतं, कान जात नाही. पण शपथ घातली होती, म्हणून सुनिल्दा गप्प बसली. मात्र ती 'पडली' त्या दिवशी वसाहतीतल्या शेजाऱ्याने किंकाळी ऐकून पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, योकास्ताने त्यांनाही बाथरूमच दाखवलं, तक्रार आली तशी मागे गेली. इथवर सगळं नेहमीचंच. नेहमीचं नव्हतं ते पुढचं. बातमी समुद्र ओलांडून लीगच्या कचेरीत पोचली, आणि लीगने राधामेसला चौकशी होईपर्यंत पगारी रजेवर पाठवलं. हिवाळ्यात तो इथल्या ज्या संघाकडून खेळे, त्यानेही त्याला दरवाजा बंद केला.

पार्लरसमोर नानोचं किराणा दुकान. तिथे दुपारपासून बिअरच्या थंडगार बाटल्या आणि डॉमिनोच्या सोंगट्या. बाप्ये नुसते पेटले.

"पोलिसांनी सोडलं, आणि हे गोरे कोण लागून गेले?" नानो म्हणाला.

"पगारी रजा! असली शिक्षा मला द्या की. मी आजच घरी जाऊन सुरुवात करतो."

"तुझी बायको तुलाच धोपटेल, बस खाली."

सगळे हसले. मग किती सामन्यांची बंदी येईल यावर पैज लागली, एक खोकं बिअर. कोणी तीस म्हणालं, कोणी पन्नास. योकास्ताचं नाव त्या संध्याकाळी एकदाही कोणाच्या तोंडी आलं नाही, हे सुनिल्दाने दारात उभं राहून ऐकलं.

डिसेंबरात लीगची वकीलबाई आली. इवेलिस तिचं नाव, मूळची शेजारच्या पोर्तो रिको बेटावरची, त्यामुळे बोली आपली वाटावी अशी. ती वसाहतीत गेली, पोलिसांकडे गेली, योकास्ताच्या आईकडे गेली, आणि सगळीकडून बाथरूम घेऊन परत आली. शुक्रवारी ती पार्लरमध्ये शिरली, तेव्हा तिन्ही ड्रायर चालू असूनही तिथे चिडीचूप झालं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"केस धुवायचेत," वकीलबाई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

सुनिल्दाने पाणी सोडलं. "तुम्ही त्याला काय करणार?"

"चौकशीत हात उचलला असं पटलं, तर आमचे आयुक्त बंदी घालतात. तेवढे सामने खेळायचं नाही, तेवढ्यांचा पगार नाही. शिवाय समुपदेशन घ्यावं लागतं."

"कोर्टानं तर काही केलं नाही."

"कोर्टाला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. आम्हाला तसं नाही. लीगचा आणि खेळाडूंच्या संघटनेचा करार आहे, त्यात हा नियम आहे. बायकोनं तोंड उघडलं नाही तरी चालतं. दुसऱ्या कोणी सांगितलं तरी पुरे."

"आणि तिला काय?"

"मदत. फोन नंबर, बोलायला माणूस. हवी असेल तर राहायला जागा."

"घेतात बायका?"

वकीलबाईने डोळे मिटलेलेच होते. "बहुतेक नाही घेत."

ही बाई खोटं बोलत नाही, एवढं सुनिल्दाला पटलं. "सांगणाऱ्याचं नाव त्याला कळतं?"

"मी सांगणार नाही. पण पुरावा त्याच्या बाजूच्या वकिलांना दाखवावा लागतो. माणूस अंदाज बांधतो."

"उद्या सकाळी या," सुनिल्दा म्हणाली, आणि तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला.

दुकान आवरून ती थेट वसाहतीत गेली. राधामेस पोहायला गेला होता. योकास्ता स्वयंपाकघरात केळी उकडून कुस्करत होती. सुनिल्दाने सरळ सांगून टाकलं की उद्या मी बोलणार आहे, शपथ असो नसो. योकास्ता रडली नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"कोमाद्रे, तुम्हाला डोकी धुता येतात, पण एक गोष्ट कळत नाही. हंगामात तो आठ महिने तिकडे असतो. ते आठ महिने मी माणसासारखी जगते. तुम्ही त्याची बंदी करणार म्हणजे त्याला आणून कुठे बसवणार? इथे. माझ्याजवळ. खेळ नाही, पगार नाही, आणि मी समोर. तो राग काढणार कुणावर? त्या आयुक्तावर?"

सुनिल्दाला त्या पोरीची कीव आली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण बोलणं खरं होतं. आज कान गेला होता. न बोलावं तर पुढेमागे आणखी काही जाणार, आणि बोलावं तर कदाचित उद्याच. लिसबेल मधे येऊन तिच्या मांडीवर बसली आणि केसांना रिबन लावून मागू लागली. सुनिल्दाने रिबन लावून दिली.

सकाळी वकीलबाई आली. सुनिल्दाने तिला विचारलं, "बंदीचे जितके दिवस, तितके दिवस तो राहणार कुठे?"

"घरी."

"कोणाच्या?"

वकीलबाईचं पेन थांबलं. "ते आमच्या नियमात नाही, सुनिल्दाबाई."

"मग ते मी बघते. तुम्ही लिहा." आणि तिने सांगितलं. टेंगूळ, ड्रायर, डाव्या बाजूने विचारलेली कॉफी, उजव्या बाजूने मिळालेलं उत्तर. वकीलबाईने योकास्ताला कानाच्या डॉक्टरकडे न्यायची खूप खटपट केली. योकास्ता गेली नाही. कानात पाणी गेलंय, म्हणाली.

फेब्रुवारीत निकाल लागला. ऐंशी सामने, बिनपगारी. खेळाडूंच्या संघटनेने तडजोड केली, राधामेसने अपील केलं नाही. त्याऐवजी त्याचं माफीचं पत्रक वर्तमानपत्रात आलं. त्यात त्याने क्लबची माफी मागितली, चाहत्यांची मागितली, सहकाऱ्यांची आणि देवाची मागितली, आणि 'माझ्या कुटुंबाला या काळात एकांत द्यावा' अशी विनंती केली. योकास्ताचं नाव कुठे नव्हतं. पत्रक वकिलांनी लिहिलं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नानोच्या दुकानात पैज कोणीच जिंकली नाही, कारण ऐंशीपर्यंत कोणाची कल्पनाच गेली नव्हती. खोकं सगळ्यांनी मिळून संपवलं.

सांगणारं कोण याचा राधामेसने अंदाज बांधला, आणि तो बरोबर होता. सुनिल्दाला बघितलं की नानो रेडिओचा आवाज मोठा करू लागला. काही गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरला जाऊ लागली. हे सुनिल्दाने मनावर घेतलं नाही. योकास्ता यायची बंद झाली. रविवारी चर्चमध्ये ती दिसे, घरीच कसेबसे ओढलेले केस डाव्या कानावर सोडलेले. लिसबेल हात हलवायला लागली की योकास्ता तिचा हात खाली करी. हे मात्र सुनिल्दाच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन ती रागाने सगळे ब्रश धूत बसे, धुतलेले पुन्हा धुवी.

एप्रिलमध्ये तिकडे हंगामाचा पहिला सामना होता. त्या दिवशी सकाळी सान पेद्रोने एक वरात पाहिली. पुढे भाड्याची मोटारसायकल, तिच्या मागच्या सीटवर सुनिल्दा, आणि सुनिल्दाच्या मिठीत भलामोठा ड्रायर. मागे दुसऱ्या मोटारसायकलवर रोलरची बादली घेऊन फ्रेदेस, आणि त्या वजनाने टेकीला आलेला चालक. नानो दुकानाबाहेर येऊन बघत राहिला.

दार राधामेसनेच उघडलं. अंगात बनियन, दाढी वाढलेली. चेहऱ्यावर काय होतं ते लपवायची तसदी त्याने घेतली नाही.

"सुप्रभात, कोमपाद्रे," सुनिल्दा म्हणाली. "आमच्या गल्लीत वीज गेलीय. आली तरी टिकत नाही. तुमच्याकडे जनरेटर आहे. म्हटलं, चार दिवस तुमच्या दिवाणखान्यात धंदा करावा."

"चार दिवस?"

"वीज नीट होईपर्यंत. लिसबेलच्या खोलीत एक पलंग रिकामा आहे ना?"

राधामेस दारात तसाच उभा राहिला. सुनिल्दाला त्याचा हात दिसत होता, चौकटीवर टेकलेला, तोच. तिने ड्रायर खाली ठेवला नाही. आता हा माणूस शकुन-अपशकुन इतके पाळणारा की मैदानावरची पांढरी रेघ तो कधी तुडवत नसे, उडी मारून ओलांडे. जिंकत असला तर मोजे धुवायला टाकत नसे. मुलीच्या धर्ममातेला दारातून परत पाठवायचं, आणि तेही आधीच ऐंशी सामन्यांची साडेसाती मागे लागलेली असताना, हे त्याच्याने होईना.

"तुमचंच घर आहे, कोमाद्रे," तो शेवटी दात आवळून म्हणाला आणि बाजूला झाला.

योकास्ता जिन्यात उभी होती. "आग तुम्हीच लावलीत," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, "आणि आता बादली घेऊन आलात?"

"बादलीत रोलर आहेत," सुनिल्दा म्हणाली. "प्लग कुठाय?"

अशी ती राहिली. तिची गिऱ्हाइकं आधी कुतूहलाने आली, मग सवयीने. पलीकडच्या गल्लीत गेलेल्याही परत आल्या, कारण फाटकवाल्या वसाहतीत आतून कसं असतं ते बघायचं होतं. संगमरवरावर केस पडले. बक्षिसांच्या चषकांत क्लिपा आणि पिना जमल्या. कोचावर सकाळपासून बायका, कॉफी, तळलेलं चीज, आणि कुणाच्या ना कुणाच्या सुनेच्या तक्रारी. राधामेसला स्वतःच्या घरात टीव्ही बघायला जागा उरली नाही.

आठवड्यातून एकदा त्याचं समुपदेशन असे, कॉम्प्युटरवर. वरच्या मजल्यावर इंटरनेट पकडत नसे, म्हणून त्याला जेवणाच्या टेबलाशी बसावं लागे. पडद्यावरची बाई विचारी, "या आठवड्यात राग आला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" आणि रोलर गुंडाळलेल्या सहा डोक्यांचं कान देऊन ऐकणं सुरू होई. एकदा फ्रेदेसने उत्तर सुचवलं. राधामेसने कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या आठवड्यात उघडला, कारण लीगला हजेरी लागत होती.

दुपारी तो मागच्या अंगणात जाऊन भिंतीवर चेंडू मारी. धाड, धाड. प्रत्येक आवाजाला योकास्ताचे खांदे वर येत. सुनिल्दा तिचे केस करताना ते बघे. पहिले कित्येक दिवस योकास्ताही तिच्याशी कामापुरतं बोलत होती. कानाचं कोणी विचारलं की पाणी गेलंय हे उत्तर ठरलेलं. कानात गेलेलं पाणी पाच पाच महिने राहत नाही हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. कोणी तसं म्हणालं नाही. पण सगळ्याजणी तिच्याशी बोलायला उजवीकडे जाऊन बसू लागल्या, आणि तिच्या उजव्या बाजूची खुर्ची कधी रिकामी राहिना.

त्या दिवसांत राधामेसने हात उचलला नाही. सुधारला म्हणून, की घरात बायकांचा राबता होता म्हणून, हे सुनिल्दाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही तिने कधी आणला नाही. गल्लीतली वीज मध्यंतरी येऊन-जाऊन चांगली सुधारली. तो विषय कोणी काढला नाही.

जून संपत आला तसे ऐंशी सामनेही संपत आले. क्लबने त्याला विमानाचं तिकीट पाठवलं, एक नाही, तीन. परतीच्या पहिल्या सामन्याला बायको आणि मुलगी मैदानात बसलेली दिसली पाहिजे, कॅमेरे असतील, असं क्लबच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. राधामेसने ते जेवताना सर्वांसमोर गोडीने सांगितलं. योकास्ताने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिने आपला आणि लिसबेलचा पासपोर्ट काढून फ्रिजवर ठेवला.

सुनिल्दाला त्या आठवड्यात घास गोड लागला नाही. तिकडे कुठल्यातरी बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटात योकास्ता, आणि दाराबाहेर कोणी कोमाद्रे नाही. तिथे ड्रायर घेऊन जायला मोटारसायकल चालत नाही. पण तिने योकास्ताला काही म्हटलं नाही. एकदा तिच्या शपथेवर पाय देऊन बोलली होती. दुसऱ्यांदा तिच्यावतीने बोलायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं, आणि त्याचा तिला त्रासही होत होता.

सोमवारी निघायचं होतं. आदल्या शुक्रवारी दिवाणखाना भरलेला. योकास्ता ड्रायरखाली, तिच्या उजव्या खुर्चीत फ्रेदेस मांडी पसरून बसलेली, पलीकडे आणखी दोघी. राधामेस बाहेरून आला. फ्रिजकडे गेला. पासपोर्ट तिथे नव्हते. तो वळला आणि बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बायकोकडे आला. उजवीकडे जायला फट नव्हती. तो डावीकडून गेला, ड्रायरच्या कडेला हात टेकला, खाली वाकला, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिच्या कानात काहीतरी बोलला. तोंड हसरं होतं. मान ताठ होती.

योकास्ता समोर बघत राहिली.

तो पुन्हा वाकला, पुन्हा बोलला. या वेळी तोंड हसरं नव्हतं.

"काय?" योकास्ता म्हणाली. ड्रायरखालची बाई बोलते तसं, घर दणाणून.

कोचावरच्या बायकांनी माना वळवल्या. राधामेस तिसऱ्यांदा वाकला. योकास्ताला त्याचा श्वास गालावर जाणवला असेल. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"त्या कानाने ऐकू येत नाही मला, राधामेस!" ती म्हणाली. "तू मारलंस ना, तेव्हापासून!"

हे तिने मुद्दाम ओरडून सांगितलं, की ड्रायरमुळे आवाज चढला, हे कोणी विचारलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही ते ऐकलं, असं तो नंतर सांगायचा. सुनिल्दाने हातातला ब्रश खाली ठेवला आणि ड्रायरचा प्लग काढला. मागच्या जनरेटरची घरघर तेवढी उरली.

योकास्ताने ड्रायर स्वतःच्या हाताने वर केला. डोकं रोलरने भरलेलं, कान लाल झालेले. आता तिचा आवाज अगदी साधा होता.

"पासपोर्ट आज सकाळीच लिसबेलच्या धर्ममातेकडे दिलेत. आम्ही येत नाही. तू काय म्हणत होतास ते सांग आता. मोठ्याने सांग, म्हणजे मलाही कळेल."

राधामेसने फ्रेदेसकडे पाहिलं, पलीकडच्या दोघींकडे पाहिलं, सुनिल्दाकडे पाहिलं. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या आणि कोणीही जागचं हललं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. मग तो मागच्या अंगणात गेला. जरा वेळाने भिंतीवर चेंडू आदळला. धाड.

योकास्ताचे खांदे जागच्या जागी राहिले. तिने मागे हात घालून एक रोलर चाचपला.

"अजून ओले आहेत, कोमाद्रे," ती म्हणाली. "लावा परत."